टायपिंगच्या बोटांनी पियानो

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपलं भांडण काही मिटलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मिटवायला नव्हे, पुढे चालू ठेवायला. गेल्या आठवड्यात नागपूरला नणंदेकडे गेले होते. तिच्या मुलीसाठी त्यांनी मोठ्या पियानोच्या मापाचा कीबोर्ड घेतलाय आणि शिकवायला एक बाई घरी येतात. नणंद कौतुकानं त्यांना म्हणाली, "आमच्या वहिनीलाही येतो हं पियानो." झालं, मला स्टुलावर बसवलं. त्या लांबच लांब पांढऱ्या पट्ट्यांवर माझी बोटं अशी भांबावली की विचारू नका. सगळ्या पट्ट्या एका रांगेत, एकीवरही अक्षर नाही. जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखी मी इकडेतिकडे बघत राहिले. बाईंनी गोड आवाजात विचारलं, कुठे शिकलात? मी सांगितलं, गडचिरोलीला, सायबर कॅफेत, कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर. त्या हसल्या. वाईट नाही हसल्या, पोरानं खेळातल्या चुलीवरची मातीची भाकर वाढली की आपण हसतो तशा. "म्हणजे खरा पियानो कधी वाजवलाच नाहीत," असं म्हणाल्या आणि चहा घेऊ लागल्या. मीही कप उचलला, पाहुणी होते. पण डोकं जे तापलं ते बस ब्रह्मपुरीला येईपर्यंत निवलं नाही, आणि सगळा राग त्यांच्यावरून सरकत सरकत तुमच्यावर येऊन बसला. कारण हेच वाक्य तुम्ही त्यांच्या कितीतरी आधी, आणि चांगल्या खरखरीत शब्दांत ऐकवलं होतं. तुमच्याकडे काही मी पाहुणी नव्हते.

आपलं इन्स्टिट्यूट मला आधी ऐकू येतं, मग दिसतं. टिनाचं छप्पर, खाली दोन रांगांत मशीनं, आणि सकाळची पहिली बॅच बसली आहे. अहेरीची, एटापल्लीची, मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावांतली पोरंपोरी, गावात खोली करून राहणारी. जिल्हा नवा, ऑफिसं नवी, आणि ज्याला त्याला टायपिंगचं सर्टिफिकेट हवं. धानाची शेती काकांच्या हवाली करून तुम्ही हे दुकान मांडलंत आणि तुमचं म्हणणं खरंच होतं की त्या काळात कितीतरी घरांची चूल या मशीनांवर पेटली. तुम्ही खोलीच्या मधोमध उभे आहात, इस्त्रीचा शर्ट, हातात लाकडी पट्टी. प्रत्येक मशीनच्या कळांवर तुम्ही पुठ्ठ्याचं झाकण बसवलेलं, हात आत आणि नजर कागदावर. कुणी मान वाकडी करून आत डोकावलं की पट्टी टेबलावर आपटते. "खाली काय पाहून राह्यली? अक्षर बोटात रायते, डोयात नाई." मग तीच पट्टी ठेका धरते, टक, टक, टक, आणि सगळ्यांनी त्या ठेक्यावर एकेक अक्षर मारायचं. ना लवकर, ना उशिरा. मी तुमची मुलगी म्हणून मला सूट नव्हती, उलट जास्त पट्टी होती.

आणि सगळ्यात मोठा नियम, एका वेळी एकच कळ. दोन कळा एकदम दाबल्या की अक्षरांचे दोन दांडे वर उडून एकमेकांत अडकतात, मग ते बोटांनी सोडवा, बोटं शाईनं काळी करा, आणि तेवढ्यात शेजारचा दोन ओळी पुढे. तुम्ही म्हणायचे, "एका दारातून दोघं संगंच घुसले तं दोघंही अडकते." हे माझ्या हातात इतकं मुरलं होतं की घरी आईला पोळ्या लाटून देतानासुद्धा माझी बोटं पोळपाटाच्या कडेवर एकेक करून पडायची. आई हसायची, म्हणायची, "हे पोट्टी पोयपाटावर अर्ज टाइप करून राह्यली."

दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत आपण काकांच्या गावी जायचो, तुम्हाला आठवेल. धान कापून झालेलं, धानाच्या रिकाम्या बांधीत मंडप ठोकलेला, नाटक मंडळी आलेली. लोक नाटकातली नटी बघायचे आणि मी स्टेजच्या खाली बसलेल्या ऑर्गनवाल्याचे हात बघायची. तो माणूस तीन-तीन पट्ट्या एकदम दाबायचा आणि काही अडकायचं नाही. उलट आवाज असा फुलून यायचा की अंगावर काटा. मी तुम्हाला विचारलं होतं, "बाबा, त्याचे दांडे काऊन अडकत नाई?" तुम्ही म्हणाला होतात, "ते काम नाई, खेळ आहे. खेळात काई अडकत नाई." मला ते उत्तर तेव्हाही पटलं नव्हतं आणि मग ऑर्गन शिकायचं म्हटलं तर तुम्ही इतक्या जोरात नाही म्हणालात की पुन्हा तो विषय घरात निघाला नाही. तुमच्या घरात वाजणारी एकच वस्तू असायची, ती म्हणजे मशीन.

मग बसस्टँडमागच्या गल्लीत सायबर कॅफे निघाला. चालवणारे भाऊ आधी तिथेच रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांच्या अब्बांपासूनचं ते दुकान. प्लायवूडच्या आडभिंती घालून त्यांनी कॉम्प्युटर मांडले आणि बाहेर पाटी लावली. तुम्ही त्या गल्लीतून जाताना तोंड फिरवून जायचे, कारण तुमचा धंदा तिथूनच पोखरला जाणार हे तुम्हाला दिसत होतं. मी गेले ती भरतीचा निकाल पाहायला. निकाल काही उघडेना, लाइन मरतुकडी, आणि माझ्याआधी बसलेल्या कुणीतरी दुसरी एक खिडकी तशीच सोडली होती. तिच्यात पियानोच्या पट्ट्यांचं चित्र होतं आणि प्रत्येक पट्टीवर एक इंग्रजी अक्षर. मी सहज बोटं टेकवली. टेकवली म्हणजे तुम्ही शिकवलंत तशी, डाव्या करंगळीखाली ए, मग एस, डी, एफ. आणि सवयीनं पहिला धडा मारला, जो तुमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं पहिल्या दिवशी मारला असेल, ए-एस-डी-एफ-जी-एफ. हेडफोनच्या चालू असलेल्या एका कानात आवाज आला, सा रे ग म प म.

बाबा, मी घाबरून हात काढून घेतला. इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. तुमचा पहिला धडा गात होता. इतकी वर्षं त्या खोलीत पोरं जे खडखडवत होती ते सगळं गाणं होतं, फक्त आवाज लोखंडाचा होता. मग मी ते केलं जे तुम्ही कधी करू दिलं नाही. ए आणि डी एकदम दाबल्या. काहीही अडकलं नाही. दोन सूर एकमेकांना टेकून उभे राहिले आणि मला रडू आलं. निकाल न पाहताच मी घरी आले आणि तुम्ही विचारलं तर सांगितलं, लाइन नव्हती.

तिथून पुढे मी रोज जाऊ लागले. ते पान उघडायला फार वेळ घ्यायचं, पण एकदा उघडलं की मग लाइन गेली तरी वाजत राहायचं, तेवढी एक दया होती. शिकवायला कोणी नव्हतं. मला सूर ऐकू यायचे आणि अक्षरं बोटांत होती, एवढ्याच भांडवलावर मी निघाले. मधेच एक संकट आलं. तीन कळा एकदम दाबल्या की कधी तिसरी वाजायचीच नाही. मला वाटलं, बाबांचा नियम बोटांत अडून बसलाय, माझा हातच दगा देतोय. कितीतरी दिवस ती मुकी कळ मी जोरजोरात दाबत राहिले, शेवटी भाऊ उठून आले. म्हणाले, "ताई, बोर्ड फोडता का? तो बोर्डच असा आहे. तीन बटन एकसाथ दाबले तं एक खाऊन टाकते. तुमचे हात ठीक आहे." तेव्हापासून मी कुठली कळ खाल्ली जाते ते चाचपून घेतलं आणि तिला वळसा घालून वाजवायला शिकले. नागपूरच्या बाई म्हणतील, हे कुठल्या पियानोत असतं? माझ्या पियानोत असतं.

मी पहिलं पूर्ण वाजवलेलं गाणं म्हणजे आईचं. रोवणीच्या वेळी तिच्या माहेरच्या बाया चिखलात ओणव्या होऊन म्हणतात ते, जे ती भात वेळताना तोंडातल्या तोंडात गुणगुणायची. मी ते कानानं उतरवलं, अक्षर अक्षर. पण तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते, अर्धा दिवस वीज नसायची आणि कॅफे बंद. सराव तुटायचा. तुमच्या मशीनला मात्र वीज लागत नव्हती. दुपारची बॅच चालू असताना मी कोपऱ्यातल्या इंग्रजी मशीनवर बसायची आणि आईचं गाणं टाइप करायची. आवाज खडखडाटाचा, पण माझ्या डोक्यात ते स्वच्छ वाजायचं. कागदावर मात्र नुसता अक्षरांचा कचरा, ओळीच्या ओळी.

एके दिवशी गाण्यात बुडून मी विसरले की हे मशीन आहे. शेवटाला तीन कळा एकदम दाबल्या. दांडे खडाडकन एकमेकांत घुसले. तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतात, पण तो आवाज तुम्हाला झोपेतही ऐकू आला असता. आलात, मशीन पाहिलं, मग कागद ओढून काढला. "हे काय भंगार टाइप करून राह्यली?" मी खरं सांगितलं. गाणं आहे, पियानोवर वाजवते, सायबर कॅफेत. सगळी बॅच थांबून ऐकत होती. तुम्ही विचारलं, "पियानो कुठी आहे तिथी?" मी म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये. "त्यातून कागद निंगते?" नाही निघत. "मंग संध्याकाळी तुह्यापाशी काय रायते?" तुम्ही म्हणालात, "ज्याचं कागदावर काई उमटत नाई ते काम नाई. खोट्या पेटीवर खोटी बोटं मारून राह्यली तू. मिनिटाले चाळीस शब्दाची परीक्षा डोक्यावर आहे. हे सोड, नाई तं उद्यापासून या मशीनले हात लावू नोको."

इथं सगळं पणाला लागलं होतं, आणि तुम्हाला ते माहीत होतं. परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी नाही आणि मशीनशिवाय परीक्षा नाही. दुसऱ्या बाजूला माझं हे एकच काहीतरी, जे मला कोणी दिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "तुमी एकदा येऊन पाहा. मंग सांगा खोटं आहे का खरं." बॅचमधली एक मुलगी फिसकन हसली आणि त्या हसण्यानंच तुम्ही आलात असं मला वाटतं. माझा तो कागद नीट घडी करून खिशात ठेवलात, चप्पल घातलीत, म्हणालात, "चाल."

वीज आलेली होती. भाऊंनी तुम्हाला पाहून खुर्ची पुसली. सगळं गाव तुम्हाला सर म्हणायचं, तेही म्हणाले, "बसा सर." मी म्हटलं मी वाजवून दाखवते, तर तुम्ही मला हातानं बाजूला केलंत. पान उघडेपर्यंत ताठ बसून राहिलात. मग खिशातून कागद काढून कीबोर्डच्या बाजूला, जिथे मजकूर ठेवायचा असतो तिथे ठेवलात. मनगटं उचललीत, बोटं टेकवलीत, आणि नजर कागदावर. तुम्हाला गाणं वाजवायचंच नव्हतं. तुम्हाला मजकूर टाइप करायचा होता.

मी हेडफोनची वायर काढून टाकली, आवाज सगळ्या कॅफेत घुमला. जिल्ह्यातला सगळ्यात पक्का टायपिस्ट पियानो वाजवत होता. एक अक्षर चुकलं नाही. प्रत्येक सूर बरोबर, आणि प्रत्येक सूर सारखाच लांब, टक, टक, टक, जणू तुमची पट्टी आतून ठेका धरून बसली होती. आईच्या गाण्यात जिथे सूर लांबतो, चिखलातून पाय ओढत पुढे जातो, तिथेही टक. जिथे दोन सूर घाईनं एकमेकांवर येतात तिथेही टक. शेवटच्या अक्षरापर्यंत जाऊन तुम्ही हात मांडीवर ठेवलेत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "एक बी चूक नाई."

आणि मी ओरडले. "सगळं चूक आहे!"

भाऊ उभे राहिले. फॉर्म भरणारी पोरं आडभिंतींवरून डोकावली. आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला चूक म्हटलं होतं, तेही टायपिंगमध्ये, तेही चारचौघांत. तुमचा चेहरा लाल झाला. "कोणतं अक्षर चुकलं? दाखव. कागदावर बोट ठेव." मी म्हटलं, "अक्षर नाई चुकलं. गाणं चुकलं. तुमी आईचं गाणं वाजवलं आणि तुमाले ओळखू नाई आलं!" तुम्ही कागदाकडे पाहिलंत, जणू त्यावर आईचं नाव कुठेतरी लिहिलेलं असेल. मग मी तुम्हाला उठवलं नाही, तशीच वाकून, तुमच्या खांद्यावरून हात घालून ती पहिली ओळ वाजवली. लांबवायची तिथे लांबवली. दोन सूर एकदम दाबले. तुम्ही हलला नाहीत. ऐकत होतात की रागानं बधिर झाला होतात ते मला तुमच्या मानेवरून कळेना. वाजवून झाल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "दहाही बोटं मी देल्ले तुले." मी म्हटलं, "देल्ले ना? मंग आता मले वापरू द्या."

तुम्ही उठून गेलात. कागद तिथेच राहिला. मी मागून धावले नाही. आजही वाटतं, बरं केलं धावले नाही.

त्यानंतर तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसले तर तुम्ही पट्टी आपटत पुढे निघून गेलात, तेवढीच ती परवानगी. मी परीक्षा पास झाले, कॅफेत जात राहिले, आणि आपल्या दोघांत त्या विषयावर शब्द निघाला नाही. आईला कोणीतरी सांगितलंच होतं. ती मला म्हणाली, "माह्या मायचं गाणं तुह्या बापानं वाजवलं म्हंते, खरं व्हय का?" आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही आत जेवत होतात, तुम्हाला ऐकू गेलं असेल. पुढे परीक्षाच कॉम्प्युटरवर गेली, पोरं येईनाशी झाली. मी म्हटलं, बाबा, मशीनं काढा, कॉम्प्युटर आणू, मी शिकवते. तुम्ही म्हणालात, "तुह्या खोट्या पेट्या तू सांभाळ." मशीनं भंगारात गेली त्या दिवशी तुम्ही ओट्यावर बसून होतात आणि एकेक उचललं जाताना नाव घेतल्यासारखं बोलत होतात, हे मराठीचं, हे इंग्रजीचं, हे तीसवालं. मला तेव्हा तुमची फार कीव आली, आणि राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी होतं. धान कापणीच्या दिवसांत तुम्ही गेलात, आणि 'पोरी, ते खरं होतं' असं काही म्हणाला नाहीत. मी वाट पाहिली होती. खोटं कशाला बोलू, अगदी दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारीसुद्धा पाहिली.

आता नाही पाहत. आता मी पंचायत समितीत डेटा भरते, तुमच्याच बोटांनी, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तीच अक्षरं वाजवते. संध्याकाळी माझ्यापाशी काय राहतं, तर काही नाही. कागद नाही, सर्टिफिकेट नाही. नागपूरच्या पट्ट्यांवर मला सा सापडत नाही आणि मी तो शोधायला क्लासही लावणार नाही. माझा सा डाव्या करंगळीखाली आहे, तिथे तो तुम्ही ठेवलात, आणि मी त्याला गाणं म्हणते. कोणी खोटं म्हणो, खेळ म्हणो. त्या बाईंनाही हे सांगायला हवं होतं, पण तुम्हाला सांगितलं की पुरे.

हे पत्र कुठे जाणार नाही, ऑफिसच्या खणात डब्याच्या पिशवीखाली राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी वर हकिगत सांगताना मी मुद्दाम गाळली. त्या दिवशी तुम्ही वाजवत होतात तेव्हा माझ्या कागदावरची पहिली ओळ संपली, आणि तुमचा डावा हात सवयीनं वर उठला, मशीनच्या कडेचा दांडा ढकलून कागद पुढच्या ओळीवर घ्यायला. तिथे दांडा नव्हता. हात हवेतच गेला, थबकला, आणि परत खाली आला. तेवढा वेळ गाणं गप्प राहिलं. दुसऱ्या ओळीलाही तसंच, तिसऱ्या ओळीलाही. ओळ मी कागदाची कड आली म्हणून तोडली होती, गाण्यात तिथे थांबायचं नसतं. आई थांबत नाही, तिची आईही थांबत नसे. मी 'सगळं चूक' म्हणाले त्यात तेही होतं. पण आता मी ते गाणं वाजवते तेव्हा तिथे थांबते. न थांबता कितीदा वाजवून पाहिलं, ते गाणं मग मला ओळखूच येत नाही. परवा ऑफिसातल्या एका ताईनं ऐकता ऐकता विचारलं, "मधात थांबता ते लय चांगलं वाटते, ते कोणाचं व्हय?" मी म्हटलं, माझंच.